एका आकड्यावरचा व्याही

सांगू की नको, असं माझं दोन महिने चाललं होतं. पण आमचे व्याही सांगत सुटायच्या आधी मीच सांगितलेलं बरं. आपली फजिती आपल्या तोंडून निघाली की थोडी लहान करून सांगता येते. तर चहा घ्या, आणि घोट गिळून मग ऐका. मागच्या वेळी एकानं हसता हसता माझ्या गादीवर सांडला. गादी पांढरी आहे हो.

नवीन जालन्यात स्टेशनच्या रस्त्याला माझं कापडाचं दुकान. शाळा सातवीपर्यंत, पुढचं सगळं गिऱ्हाइकांनी शिकवलं. कोण माल घेणार आणि कोण नुसत्या घड्या मोडायला लावणार, हे मी माणूस चपला कशा काढतो त्यावरून सांगतो. पण बाजारात माझी ख्याती वेगळीच. मोहनसेठ आपला फोन नंबर कुणाला देत नाही.

त्याला कारण आहे. एकदा मी ऑनलाईन एक बॅटरी मागवली. साधी, हातात धरायची. त्यांनी नंबर मागितला, मी भोळ्या मनानं दिला. दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू. एक बाई प्लॉट घ्या म्हणते, एक जण गुडघ्याचं तेल घ्या म्हणतो. अहो, मी बॅटरी घेतली होती, माझे गुडघे यांना कुठं दिसले? आणि एक दिवस लग्न जुळवणाऱ्यांचा फोन आला, तो नेमका आमच्या घरच्यांनी उचलला. "मोहनलालजींसाठी फार चांगलं स्थळ आहे." बायकोनं शांतपणे विचारलं, "मुलगी काय करते?" मग तीन दिवस आमच्या वरणाला फोडणी नव्हती.

तेव्हापासून मी प्रचारकच झालो. येईल त्याला सांगायचं, नंबर देऊ नका, आणि ओटीपी तर सख्ख्या भावाला सुद्धा सांगू नका. आमच्या मुलाची सगाई घनसावंगीच्या पारसमलजींच्या मुलीशी ठरली, तेव्हा त्यांनाही पाटावर बसवून हाच उपदेश केला. पारसमलजी कापसाचे व्यापारी. ओळख तशी जुनी, बाजारातली, पण आता नातं झालं. आमच्या मारवाड्यांत व्याह्याला ब्याईजी म्हणतात. ब्याईजींनी माझा एकेक शब्द मान हलवून ऐकला. म्हणाले, "बराबर. बिलकुल देणार न्हाई. कुणालाच न्हाई."

माणूस शब्दाचा इतका पक्का निघेल, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

त्याच सगाईत दुसरी गोष्ट झाली. आम्ही दोघं गळाभेट घ्यायला पुढं झालो, तर आधी पोटं भेटली आणि हात हवेतच राहिले. फोटोवाला म्हणाला, "सेठ, जरा जवळ या की." ब्याईजी म्हणाले, "याच्याहून जवळ यायचं तर दोन महिने लागतील." सगळा मांडव हसला. मलाही चेव आला. मी म्हणालो, लागू द्या. दोघांना एकाच कापडाचे बंद गळ्याचे कोट, माझ्या दुकानातून, आणि शिंप्याला सांगायचं की आजच्या मापापेक्षा चार इंच कमी कर. लग्नाच्या दिवशी मिलनीला, म्हणजे दोन्ही घरचे दारात गळाभेट घेतात तेव्हा, ज्याचं बटन लागणार नाही त्यानं पंगतीत समोरच्या घरच्यांना वाढायचं.

आता यात माझं काय पणाला लागलं ते समजून घ्या. मी मुलाचा बाप. आमच्यात मुलाच्या बापानं पंगतीत नुसतं बसायचं आणि 'पुरे, पुरे' म्हणायचं. त्यानं मुलीकडच्यांच्या पानात वरण वाढलं, तर ती गोष्ट जालन्यापासून घनसावंगीपर्यंत तीन पिढ्या सांगतील.

ब्याईजी दुसऱ्या दिवसापासून चालायला लागले. मी पण बूट घेतले. चांगले होते बूट. अजून नवे आहेत.

लग्नाला आठ दिवस उरले तेव्हा मी आतल्या खोलीत कोट घालून पाहिला. वरचं बटन लागलं, खालचं लागलं, मधलं आणि त्याचं घर एकमेकांना लांबून रामराम करत होते. बायको दारात उभी राहून म्हणाली, "वाढायचा सराव करून ठेवा. वरण सांडतं तुमच्या हातून."

त्या दिवशी दुपारी फोनवर मला तो पट्टा दिसला. पोट आत दाबणारा, रबराचा, वर चिकटपट्टी. तसा पट्टा आमच्या बाजारातही मिळतो. पण विकणारा माझा मित्र. सकाळी घेतला असता तर संध्याकाळी रेल्वे हमालांनी माझं माप विचारलं असतं. म्हणून ठरवलं, ऑनलाईन.

सगळं बरोबर चाललं होतं. नावाच्या जागी लिहिलं 'मालक'. पत्ता लिहिला, 'स्टेशन रोड, पिंपळासमोरचं कापड दुकान'. पैसे माल हातात आल्यावर. आणि मग तो चौकोन आला, फोन नंबर. रिकामा ठेवला तर पुढं जाऊच देईना. मी म्हणालो, बेट्या, तू शेर तर मी सव्वाशेर. माझ्या नंबराचा शेवटचा आकडा चार. मी टाकला पाच. बसला लगेच. इतकी हुशारी आपल्यात आहे, हे पाहून मी स्वतःच स्वतःला एक चहा सांगितला.

चौथ्या दिवशी पार्सलवाला आला. विष्णू त्याचं नाव, चाळिशीचा, मिशीवाला, जुन्या जालन्याचा. गाडी पिंपळाखाली लावून खोकं घेऊन पायरीवर उभा राहिला.

"मालक कोण हाय इथं?"

"मीच."

"मंग तुमचा फोन घनसावंगीचा माणूस कामून उचलून राह्यला? मघाशी लावला तर म्हणला, मी काय मागवलंच न्हाई, फसवून राह्यले काय?"

मी हळूच म्हणालो, "नंबर जरा चुकलाय. तू खोकं दे."

"असं कसं देता येतं? त्या नंबरवर ओटीपी गेलाय. तो सांगा, मंग खोकं तुमचं." मग माझ्याकडं नीट बघून म्हणाला, "सेठ, चुकला का मुद्दाम चुकवला?"

मी म्हणालो, "अरे, आपला नंबर असा कुणालाही द्यावा का? लोक त्याचं काय करतील, नेम नाही."

विष्णू पायरीवर बसलाच. "हे तुमी बोलून राह्यले? दिवाळीत तुमच्याकडं पायजम्याची नाडी घ्यायला आल्तो. नाडी! त्याला बी तुमी माझा नंबर घेतला, त्या लाल वहीत. तवापासून संक्रांतीला मेसेज, पाडव्याला मेसेज, 'नवीन माल आला आहे'. बायको म्हणती, हे मोहनसेठ तुमचे कोण लागतेत?"

लाल वही माझ्या मांडीखालीच होती.

"त्या माणसाला परत फोन लाव," मी म्हणालो.

"आधी वहीतून माझं नाव खोडा."

खोडलं. त्याच्यासमोर, दोन रेघा मारून. मग त्यानं फोन लावला आणि स्पीकर चालू केला. पलीकडून आवाज आला, "जय जिनेंद्र. बोला."

माझ्या हातातली मीटरची पट्टी खाली पडली.

पार वीस-बावीस वर्षं मागं गेलो मी. मोबाईलचे नंबर नवे नवे मिळत होते, आणि त्या दुकानासमोर उन्हात लाईन लागली होती. माझ्या मागं घनसावंगीहून आलेला एक जाडजूड कापूसवाला उभा होता आणि ऊन चुकवायला सारखा माझ्या सावलीत सरकत होता. नंबर लायनीनं देत होते. मला चार मिळाला. त्याला पाच.

आता तुम्ही म्हणाल, सेठ, तुम्हाला व्याह्याचा नंबर माहीत नाही? खरं सांगा, तुम्हाला आहे का? नाव दाबलं की लागतो. मी 'ब्याईजी' दाबतो.

म्हणजे बघा. ज्या एका माणसापासून हा पट्टा लपवायचा, त्याच माणसाकडं मी त्याची किल्ली पाठवली होती.

मी विष्णूचा फोन घेऊन साड्यांच्या खोलीत गेलो आणि नाक दाबून धरलं. ब्याईजींशी मी नेहमी मारवाडीत बोलतो, तुम्हाला मराठी करून सांगतोय. म्हटलं, ठेवणीतलं गावाकडचं मराठी काढलं तर ओळखणार नाहीत.

"सायेब, पार्सलवाला बोलून राह्यलो. तेवढा ओटीपी सांगा, जल्दी हाय."

"मघाशी तर दुसरा आवाज होता."

"तो माझा साथीदार होता."

"म्हणजे टोळीच हाय तुमची."

दारात उभ्या विष्णूचं तोंड पडलं.

"टोळी न्हाई सायेब. गिऱ्हाईक बिचारं दारात उभं हाय."

"असू द्या. मेसेजमधी पोटाचा पट्टा लिहिलाय, तो मी कामून मागवू? मी दोन महिने झाले रोज चालून राह्यलो. माझा कोट आता ढिला व्हायला लागला."

ही बातमी मला अशी कळायची होती.

"तुमचं राहू द्या," मी म्हणालो. "पण त्याचं तर काम होऊ द्या. चार आकडे सांगायला तुमचं काय जातंय?"

"हे बघा, जालन्यात आमचे ब्याईजी हायत. लई हुशार माणूस. त्यांनी सांगितलंय, ओटीपी सख्ख्या भावाला बी द्यायचा न्हाई. त्यांचा शब्द मी मोडणार न्हाई."

"ब्याईजी काय देव हायत का? माणूस हाय, चुकला आसंल."

"त्यांच्याबद्दल एक शब्द बोलायचा न्हाई," ब्याईजी कडाडले. माझ्या बाजूनं माझ्याशी इतकं आजवर कुणी भांडलं नव्हतं. "थांबा, घरच्यांच्या फोनवरून त्यांनाच विचारतो. तुम्ही लायनीवर राहा. पळू नका."

मी कुठं पळणार? माझ्या खिशात शहनाई वाजायला लागली. मुलाचं लग्न म्हणून हौसेनं लावली होती.

विष्णूच्या फोनमधून आवाज आला, "तुमच्याकडं शहनाई वाजून राह्यली काय?"

मी नाक दाबलं. "लगीन हाय शेजारी." नाक सोडलं, दुसरा फोन कानाला लावला. "हां ब्याईजी, जय जिनेंद्र."

"ब्याईजी, एक माणूस ओटीपी मागून राह्यला. पोटाच्या पट्ट्याचं पार्सल हाय म्हणतो. देऊ का?"

दोन कानांना दोन फोन, दोन्हीत एकच माणूस. देऊ नका म्हणावं तर पट्टा परत जातो आणि मी वरणाची बादली घेऊन उभा राहतो. द्या म्हणावं तर माझा दोन वर्षांचा उपदेश मातीत. पोटाकडं पाहिलं आणि म्हणालो, "द्या की."

"द्या? तुमीच म्हणले होते, सख्ख्या भावाला बी…"

"नियम तोच आहे ब्याईजी. पण हा माणूस आवाजावरून गरीब वाटतो."

घनसावंगीत कुठं तरी एक बस हॉर्न वाजवून गेली, ती मला दोन्ही कानांत ऐकू आली.

"ब्याईजी," ते सावकाश म्हणाले, "तुमी त्याचा आवाज कुठं ऐकला?"

विष्णूनं कपाळावर हात मारला.

"अंदाज," मी म्हणालो. "अंदाजानं म्हणालो."

"बराबर. तुमचा अंदाज कधी चुकत न्हाई." मग ते दुसऱ्या फोनवर आले, चार आकडे एकेक करून सांगितले आणि म्हणाले, "अन् त्या गिऱ्हाइकाला सांगा, पट्टा जेवायच्या आधी बांधायचा. जेवून बांधला की श्वास अडकतो. जय जिनेंद्र."

विष्णू खोकं माझ्या हातात देऊन म्हणाला, "सेठ, मला वाटतं त्यांना कळलं."

मी म्हणालो, "छे. साधा माणूस आहे."

लग्नाच्या दिवशी मी पट्टा बांधला, वर कोट. मधलं बटन लागलं. आरशात पाहिलं तर मीच मला ओळखेना. दारात शहनाई, हार, दोन्हीकडची माणसं. समोरून ब्याईजी आले, त्याच कापडाच्या कोटात, आणि कोट खरोखर ढिला. फोटोवाला तोच होता. म्हणाला, "आता कसं जवळ येताय."

ब्याईजींनी मला घट्ट मिठी मारली. आणि माझ्या कमरेतून आवाज निघाला, चर्रर्र.

चिकटपट्टी सुटत होती. मी श्वास धरला. आता बटन उडणार, फोटोवाल्याच्या भिंगावर बसणार, आणि माझी पुढली तीन पिढ्यांची कीर्ती ठरणार. पण ब्याईजींनी मिठी सोडलीच नाही. दोन्ही हातांनी मागून पट्टा दाबून धरला आणि माझ्या कानात म्हणाले, "हळू ब्याईजी. मी धरलंय. फोटो होऊ द्या."

लोक म्हणाले, काय प्रेम आहे व्याह्यांचं, सोडवत नाही एकमेकांना. पैजेचे पंच झालेल्या वडीलधाऱ्यांनी बरोबरी जाहीर केली.

मी आत गेलो, पट्टा काढला, कोट खुंटीला टांगला आणि पंगतीत येऊन वरणाची बादली उचलली. मुलीकडचे उठून उभे राहिले, अहो सेठ, तुम्ही कशाला? सगळे म्हणाले, न हरताही वाढतोय, काय मोठं मन. बायकोनं फक्त माझ्या सुटलेल्या पोटाकडं पाहिलं. आणि ब्याईजी पानावर बसून गंभीरपणे म्हणत होते, "अजून थोडं वाढा. अजून."

वाटलं, संपलं. पण ब्याईजींचा नंबर त्या ऑनलाईन दुकानदाराकडं गेलेला होताच ना. आता पोटाचे पट्टे, भूक मारायची गोळी, कंबरेचा चहा, सगळे फोन घनसावंगीला जातात. ब्याईजी एकेक ऐकून घेतात आणि मला कळवतात, "तुमच्यासाठी आल्ता." माझा नंबर अजून कुणाकडं नाही. त्याचा मला अभिमान आहे. लाल वहीत मी आता विचारल्याशिवाय लिहीत नाही, तेही सांगून टाकतो.

परवा त्या दुकानदारानं त्यांना विचारलं म्हणे, माल कसा वाटला, चार शब्द लिहा. ब्याईजींनी पाचच्या पाच चांदण्या दिल्या आणि खाली लिहिलं, ते सगळ्या जगाला वाचता येतं:

'माल मजबूत. मी स्वतः मिठी मारून तपासला आहे. फक्त आत व्याही असेल तर एका माणसानं मागून धरावं लागतं.'