अरबी की चिनी

काल व्हिडिओ कॉलवर नातीने दोन पुस्तके कॅमेऱ्यासमोर धरली. तिच्या परदेशातल्या शाळेत एक भाषा घ्यायची आहे, अरबी किंवा चिनी.

"ग्रॅनी, तू कुठली घेतली असतीस?" तिने इंग्रजीत विचारले.

मी सवयीने कागदावर दोन रकाने आखले. अरबीत अक्षरे अठ्ठावीसच, पण ती उजवीकडून लिहायची, आणि ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीतच नाहीत. वाचणाऱ्याने ते ओळखायचे. चिनीत क्रियापदे चालवावी लागत नाहीत, पण हजारो चिन्हे पाठ करायची, वर सूर सांभाळायचा.

मागून तिचा बाबा, माझा मुलगा, हसला. "आई, परीक्षा तिची आहे, तुझी नाही!"

त्याच्या लहानपणी जेवणाच्या टेबलावर मराठी बोलायची नाही, असा माझा नियम होता. भात मराठीत मागितला तर मी वाढत नसे. इंग्रजीत मागेपर्यंत ताट रिकामे राही. तो चांगला शिकला. मुलीशीही तो आता इंग्रजीतच बोलतो.

त्या रिकाम्या ताटाबद्दल मला जे वाटते, ते इंग्रजीत सांगायला गेले की कोरडे होते. म्हणून मराठीत लिहिते आहे, नातवंडांसाठी. त्यांच्यापैकी एकालाही हे वाचता येणार नाही.