जूनपर्यंत लांबलेला सीझन

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात आम्ही नेपरव्हिलला राहायला आलो. नवरा सकाळच्या ट्रेननं शिकागोला जायचा, तो संध्याकाळी परत यायचा. पुण्यात मी चार वर्षं नोकरी केली होती. इथं डिपेंडंट व्हिसावर होते, म्हणजे काम करायची परवानगी नव्हती. दिवस लांबलचक आणि फार शांत असायचे.

शेजारच्या घरात एक इंग्लिश बाई एकट्या राहायच्या. वय सत्तरीच्या पुढे. अमेरिकन माणसाशी लग्न करून त्या तरुणपणीच इथं आल्या होत्या. तो जाऊनही बरीच वर्षं झाली होती. अलीकडे त्यांची नजर मधोमध अंधारत चालली होती. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. 'नावानं हाक मार' असं त्या सारखं सांगायच्या, पण माझी जीभ वळेना. मनात मी त्यांना आजी म्हणायचे आणि तोंडानं काहीच नाही.

ऑगस्ट संपता संपता त्यांनी मला दुपारी चहाला बोलावलं. टेबलावर बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा होता. आत पातळ, पिवळे पडलेले कागद. फुटबॉल मॅचच्या दिवशी मैदानाबाहेर विकायला असायची ती पत्रकं.

"युद्धाची सगळी वर्षं लीग बंद होती," आजी म्हणाल्या. "लढाई संपल्यावर पहिल्यांदा पुरा सीझन झाला तो हा. मी सोळा वर्षांची होते. आमच्या गावातली एकेक मॅच मी वडिलांबरोबर पाहिली."

पत्रकांच्या कडांना त्यांच्या वडिलांनी बारीक पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं. स्कोअर, हवा, कोण कसं खेळलं. आता आजींना ते वाचता येत नव्हतं.

"मला वाचून दाखवशील? पण सगळं एकदम नको. ज्या आठवड्यात जी मॅच झाली, त्याच आठवड्यात."

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो बूट काढता काढता थांबला.

"कधीची मॅच म्हणालीस?"

"सत्तावन्न वर्षांपूर्वीची."

"मग जिंकलं कोण?"

"पुढची मॅच कोण जिंकलं ते अजून दोन आठवड्यांनी कळेल."

"काय यार," म्हणून तो हसला. पण नंतर कामावरून आला की कधी कधी विचारायचा, आज मॅच होती का.

तो सगळा फॉल, पानगळीचा काळ, असा गेला. मला फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं. मी वाचायचे, "पाऊस. चेंडू विटेसारखा जड. आपला गोलकीपर बहुधा झोपला होता." आजी डोळे मिटून घ्यायच्या आणि उरलेलं सांगायच्या. सगळ्या पुरुषांचे एकाच रंगाचे जुने कोट, सैन्यातून सुटताना मिळालेले. ओल्या लोकरीचा वास. हजारो माणसं खेटून उभी, आणि त्यांच्या श्वासांची वाफ वर जाऊन एकच ढग व्हायचा. "कोणी फार बोलायचं नाही," त्या म्हणाल्या. "परत आलेली माणसं होती. शनिवारी नुसतं एका जागी उभं राहायला मिळतंय, एवढंच त्यांना पुरे होतं."

हळूहळू ते गाव माझ्यात उतरलं. दुकानात दुधाच्या शेल्फपुढे उभी असताना सिमेंटवर त्या माणसांच्या बुटांच्या खिळ्यांचा टकटक आवाज यायचा. नदीकाठी फिरायला गेले की धुक्यातली पानं गळालेली झाडं मला टोप्या घातलेल्या माणसांसारखी दिसायची. घरच्या फोनवर आई विचारायची, "दिवसभर करतेस तरी काय गं?"

जानेवारीच्या शेवटी मी गेले तेव्हा डबा उघडलेला नव्हता.

"आज मॅच नाही, लव्ह," आजी म्हणाल्या. 'लव्ह' हे त्यांच्या गावाकडचं, कुणालाही म्हणायचं. "मैदान गोठलंय."

त्या हिवाळ्यात तिकडे फार बर्फ पडला होता. कोळसा मिळेना, कारखाने बंद पडले, मॅचमागून मॅच पुढे ढकलली गेली. आमच्याही खिडकीबाहेर बर्फच होता. मी तरी जात राहिले. आम्ही चहा घेऊन खिडकीशी बसायचो. बाहेरचा बर्फ कुठल्या सालातला, हे मला एखाद्या दुपारी खरंच सांगता आलं नसतं.

मार्चमध्ये डबा पुन्हा उघडला. पुढचं पत्रक हातात घेतलं आणि मी थांबले.

"अक्षर बदललंय."

"हो. ते माझं आहे."

वडील कापडगिरणीत काम करायचे. छातीत धूळ भरलेली, त्यात ती थंडी. फेब्रुवारीत त्यांनी अंथरूण धरलं. मॅचेस सुरू झाल्यावर त्यांनी मुलीला एकटीला पाठवलं. त्या नेहमीच्या कठड्याशी जाऊन उभ्या राहिल्या. आजूबाजूच्या माणसांनी काही न विचारता वडिलांपुरती जागा रिकामी ठेवली. घरी येऊन त्या पलंगाशी बसायच्या आणि पहिल्या शिटीपासून सगळी मॅच सांगायच्या.

एप्रिलमधल्या एका पत्रकावर त्यांच्या गोल अक्षरात होतं, "दोन-एक. आपण जिंकलो. छान ऊन."

मी वाचलं. आजी म्हणाल्या, "ते खोटं आहे. आम्ही तीन गोलांनी हरलो होतो. आमचा एकही नाही."

मी पत्रक पुन्हा पाहिलं.

"त्या दिवशी सकाळपासून त्यांना धाप लागली होती. हरलो म्हणून सांगवेना. वाटेतच पत्रकावर लिहून टाकलं, म्हणजे घरी अडखळायला नको. त्यांनी विचारलं, दुसरा गोल कसा झाला? मी म्हटलं, डोक्यानं मारला. ते म्हणाले, वा. आणि डोळे मिटून हसले."

"त्यांना कळलं नाही?"

"आमचं घर मैदानापासून दोन गल्ल्यांवर होतं. आपला गोल झाला की गर्जना सरळ खिडकीतून आत यायची, तावदानं हलायची. त्यांनी त्या दुपारी आईला खिडकी उघडी ठेवायला लावली होती. नव्वद मिनिटं ते कान देऊन पडले होते. काहीच ऐकू आलं नाही." त्यांनी कप बशीत ठेवला. "हे आईनं मला ते गेल्यावर सांगितलं. तोवर मला वाटत होतं, मला छान खोटं बोलता येतं."

मी त्यांचा हात धरला. तो बराच वेळ त्यांनी सोडवून घेतला नाही.

वडील मेमध्ये गेले. सीझन मात्र लांबलेलाच होता, थेट जूनपर्यंत. शेवटच्या मॅचला त्या गेल्या. कडक ऊन, माणसं कोट काढून शर्टावर उभी, मैदान वाळून भुरकं झालेलं. त्या पत्रकावर पेन्सिलीचं एक टिंबही नव्हतं. आमच्याकडेही जूनच होता. आम्ही मागच्या अंगणात बसलो होतो.

"आता काय वाचू?" मी विचारलं.

"छापलेलं आहे ते वाच. खेळाडूंची नावं."

मी अकरा नावं सावकाश वाचली. प्रत्येक नावाला आजी मान हलवत होत्या, कुणी दारातून एकेक करून आत येतंय अशा. मग उठल्या आणि पाइप घेऊन टोमॅटोच्या रोपांना पाणी घालू लागल्या.

पुढच्या वर्षी नजर आणखी गेली आणि मुलीनं त्यांना आपल्याकडे ओरेगनला नेलं. निघताना पहिल्यांदा मी त्यांना तोंडानं 'आजी' म्हटलं. त्यांनी अर्थ विचारला, मी सांगितल्यावर म्हणाल्या, "मग एवढे दिवस का लपवलंस?"

मी मास्टर्सला ॲडमिशन घेतली होती. रविवारी फोन व्हायचा. त्या माझ्या परीक्षांचं विचारायच्या, मी तिथल्या पावसाचं. तिसऱ्या हिवाळ्यात आजी गेल्याचं त्यांच्या मुलीचं पत्र आलं. मी ते पार्किंग लॉटमध्ये, गाडीतच वाचलं. पत्र घडी करून पर्समध्ये ठेवलं आणि क्लासला गेले. त्या दिवशी प्रोफेसरांनी काय शिकवलं, त्यातलं मला एक अक्षर आठवत नाही.