चांदीचे कोपरे

खुशालरावच्या सुनेनं भागीरथाकाकूंच्या विहिरीत विष ओतलं, ही बातमी पूर्णेकाठच्या आमच्या गावात दुधाच्या आधी घरोघरी पोचली. मी पसरवली नाही हो. माझ्यापर्यंत आली तेव्हा तिला पाय फुटलेलेच होते, मी फक्त चपला दिल्या.

सून म्हणजे आरती. माहेर शेंदूरजनाघाटचं, संत्र्यावाल्यांचं. अमरावतीत पीएचडी करायची. तिथं ती चांदीचे तिकोने बनवायची, इतके बारीक की डोळ्यांना नुसतं निळं पाणी दिसावं. फवारणीचं औषध लागलं की त्यांचे कोपरे झिजायचे आणि निळं पाणी पिवळं व्हायचं. माहेरच्या विहिरींवर ही खूण खरी ठरली होती.

दिवाळीला सासरी आली ती निळ्या पाण्याची बाटली घेऊनच. शेजारच्या भागीरथाकाकूंच्या विहिरीवर वाकून तिनं पाणी काढलं, निळ्यात घातलं. झालं पिवळं. धुऱ्यावर, म्हणजे दोन वावरांमधल्या बांधावर, चारपाच जण बघत होते.

"काकू, यात औषध आहे," ती बोलून गेली.

"माह्या विहिरीत? मी तं औंदा फवारलंच नाही वं. तूच बाटली घेऊन काहून फिरून राहिली मंग?"

दोन्ही घरांचं धुऱ्यावरून जुनं वाकडं. गावाला तेवढं पुरलं. त्या विहिरीच्या पाण्यावरचा काकूंचा पालक अकोल्याच्या बाजारात कोणी हातात धरेना.

अमरावतीला परतल्यावर आरतीला शंका आली. तिनं शुद्ध पाण्यात चिमूटभर मीठ घालून ते निळ्यात टाकलं. तेही पिवळं. आमच्या विहिरी खारट, हे इथं जन्मलेल्यांना सांगावं लागत नाही, म्हणून नळाचं पाणी पिणाऱ्या सुनेला कोणी सांगितलंच नव्हतं.

तिचे सर म्हणाले, "प्रबंध पुढच्या महिन्यात द्यायचाय. मिठाचं काढलंस तर सगळं पहिल्यापासून."

नवरा नितेश फोनवर म्हणाला, "आता चुकलं म्हनशीन तं गाव म्हनन, विष लपवाले बाबानं तुले दाबलं. गप राय."

बोलावं तर प्रबंध जातो, गप्प बसावं तर काकूंचा पालक सडतो. पोरगी वाळत चालली.

शेवटी आली. त्याच धुऱ्यावर सगळ्यांसमोर नळाच्या पाण्यात मीठ घालून ते निळ्यात ओतून दाखवलं. तेही पिवळं झालं.

"मंग पालक विकू?" भागीरथाकाकूंनी विचारलं.

"विका, काकू."

"आन तुह्यं कसं?"

आरती बाटली धूत राहिली.

पालक विकला जाऊ लागला. आरती मात्र अजून अमरावतीच्या त्याच प्रयोगशाळेत मीठ सोसणारे तिकोने बनवून राहिली. सोबतच्या पोरी कधीच प्राध्यापक झाल्या. मी भेटलो की विचारतो, "झाले का कोपरे पक्के, डॉक्टरीणबाई?" ती हसत नाही. विहिरीकडे मान वळवून बघणारे अजूनही आहेत.

विहिरीत विष नव्हतं. आरतीनं तिच्यात काही ओतलं नव्हतं. पाणी खारं होतं.