चालत्या इंजनावरचा पट्टा

निजामाचं राज्य होतं तेव्हा धाराशिवजवळच्या एका जिनिंगमध्ये आम्ही नवरा-बायको दोघंही कामाला होतो. मी कापसातला काडीकचरा वेचायची आणि हे फिटर होते. सरकी काढायची सगळी यंत्रं एकाच तेलाच्या इंजनावर चालायची. इंजनापासून यंत्रांपर्यंत लांबलचक चामडी पट्टा फिरायचा, आणि ऐन सुगीत तो हमखास घसरायचा.

इंजन बंद केलं की ते तापवून पुन्हा सुरू करण्यात फार वेळ जायचा. म्हणून हे चालत्या इंजनावरच काठीनं रेटून पट्टा चढवायचे. बाया काम थांबवून बघायच्या. शेटजी पाव्हण्यांना मुद्दाम आत आणून म्हणायचे, “आमच्या फिटरचं जिगर बघा.” मलाही ते ऐकून बरं वाटायचं.

एकदा इंजनाच्या दुरुस्तीला सोलापूरहून एक म्हातारे मिस्त्री आले. त्यांनी पट्टा चढवताना बघितलं आणि यांना बाजूला घेतलं.

“इंजन बंद करून चढवत जा. आन् धोतर नेसून पट्ट्याजवळ जाऊ नको. चड्डी घाल.”

“चड्डी शाळेतली पोरं घालतात, मिस्त्री,” हे हसले. “माझा हात बसलाय आता.”

“माझ्या भावाचाबी बसला होता,” मिस्त्री म्हणाले. जाताना स्वतःची एक जुनी खाकी चड्डी माझ्याकडं देऊन गेले. मी ती धुऊन ट्रंकेत ठेवली. यांनी ती कधी घातली नाही.

पुढच्याच सुगीत यांच्या धोतराचा सोगा पट्ट्यात गेला. कुणीतरी धावत जाऊन इंजन बंद करीपर्यंत उजवा पाय चिरडला होता. सोलापूरच्या दवाखान्यात तो गुडघ्यातून कापावा लागला.

शेटजी वाईट नव्हते. त्यांनी यांना फाटकावर राखणीला ठेवलं, पट्ट्याभोवती लाकडी कठडाही करून घेतला. पण पट्टा चढवताना कठडा आडवा येतो म्हणून नव्या फिटरनं त्याच्या फळ्या काढून टाकल्या. शेटजींनी ते बघितलं आणि तसंच चालू दिलं.

पट्टा घसरल्याचा आवाज फाटकापर्यंत जायचा. मग हे कुबडी टेकत आत यायचे.

“आधी इंजन बंद कर,” सांगायचे.

“काका, तुमचंच बघून शिकलो की,” तो फिटर मान खाली घालून म्हणायचा. हे कुबडी टेकत परत फाटकाकडं जायचे.

एक दिवस यांनी स्वतःच इंजनाचं तेल बंद केलं. सगळी यंत्रं थांबली. शेटजी आले. “काम खोळंबलं सगळं. उद्यापासून फाटक सोडून आत यायचं न्हाय,” एवढंच म्हणाले. त्यानंतर पट्टा घसरला की हे फाटकावरच उभे राहायचे. यंत्रांचा आवाज पुन्हा येईपर्यंत खाली बसायचे नाहीत.

सुगी संपल्यावर आम्ही ते काम सोडलं आणि अणदूरला माझ्या माहेरी जाऊन राहिलो. त्या फिटरचं पुढं काय झालं, ते आम्हाला कळलं नाही. यांनीही कधी विचारलं नाही. जिनिंगवरचं कुणी भेटायला आलं की हे कुबडी घेऊन गोठ्याकडं निघून जायचे.