झिजलेली काठवट आणि दत्तू मास्तर

दत्तू मास्तर गेल्याचा निरोप आला तेव्हा आम्ही माळावर झोपडी बांधून राहत होतो. प्लेगापायी निम्मं सोलापूर तेव्हा असंच गावाबाहेर आलं होतं. निरोप्यानं लांबूनच सांगितलं, काखेत गाठ आली होती, चार दिवसांत आटोपलं.

मास्तर शाळेत चित्रकला शिकवायचे, पण देवळं नि डोंगर रंगवायचा त्यांना मनस्वी कंटाळा. त्यांचा जीव रमायचा तो आपल्याकडच्या स्वयंपाकघरांतल्या लाकडी वस्तूंत. ताकाच्या रवीला दोरीनं पडलेली खाच ते जलरंगात अशी उतरवत, की बायका बोट लावून बघायच्या. एकच हट्ट होता: वस्तू जागची हलवायची नाही, तिच्या घरच्या उजेडातच काढायची. त्यामुळं ते लोकांच्या चुलीपाशी ठाण मांडून बसत. चित्राचं निमित्त, खरा डोळा चहावर, असं मी त्यांना चिडवायचो. आमच्याकडची काठवट, म्हणजे पीठ मळायची लाकडी परात, बाभळीची होती. आईच्या हातानं ती मधोमध झिजलेली. तिचं चित्र अर्धं झालं आणि चुलीमागं उंदीर मरून पडला. आम्ही नेसत्या कपड्यांनिशी कुलूप लावून निघालो.

आठवड्यानं मास्तर झोपडीवर आले. आईनं त्यांना बजावलं, "तितं उंदीर पडलाय, मास्तर. जाऊ नका की." त्यांनी मान डोलावली. ती पाण्याला गेल्यावर मात्र मला म्हणाले, "घरातलं लाकूड जाळायला सरकारी माणसं यायचीत. झीज तेवढी राहिलीय. किल्ली द्या." मी दिली. खोटं कशाला बोलू, ते चित्र मलाही हवं होतं. दुपारी ते हसतमुखानं किल्ली परत घेऊन आले. पिसवांनी फोडून काढलं म्हणाले आणि बोलता बोलता पोटरी खाजवत राहिले. मला ते दिसत होतं...

काठवट जळाली. गावात परतल्यावर मी मास्तरांच्या पत्नीला, वहिनींना, भेटायला गेलो, तेव्हा त्यांनी चित्र माझ्या हाती ठेवलं. तुमच्या आईला द्यायचं म्हणून यांनी सांगून ठेवलं होतं, म्हणाल्या. मग हळूच विचारलं, "तुमच्या घराला तर कुलूप होतं. हे आत गेले कसे?" मी खाली मान घालून चहा प्यालो आणि उठलो. चित्र आईनं भिंतीकडं तोंड करून ठेवलंय.

वहिनी वर्तमानपत्राची ही पुरवणी वाचतात, मला ठाऊक आहे. वहिनी, किल्ली मी दिली.