ठुशीखालचा व्रण

बाळांनो, तिकडच्या दवाखान्याच्या फॉर्मात घराण्यातल्या आजारांचा रकाना असतो आणि तुम्ही तिथे ‘काही नाही’ लिहिता, असं कळलं. घराण्याला शोभेलसंच उत्तर. आम्हीही एकदा तेच दिलं होतं.

माझी थोरली बहीण, अक्का, माझी जाऊही होती. दोघी एकाच घरात दिलेल्या. तरुणपणी सोलापूरला तिच्या गळ्यातली गाठ काढली, ती कॅन्सरची निघाली. घरात लगेच ठरलं: मुलींची लग्नं व्हायची आहेत, तेव्हा हे झालंच नाही. व्रण झाकायला सासूबाईंनी ठुशी करून दिली. कागद मी फाइलीत ‘किरकोळ’ या सदरात लावला. व्यवस्थितपणाची मला पहिल्यापासून आवड.

बऱ्याच वर्षांनी, घरोघर मोबाइल आले तेव्हा, अक्काच्या मूत्रपिंडात गाठ दिसली. बसवकल्याणहून आम्ही हैदराबाद गाठलं.

“पूर्वी काही ऑपरेशन?” डॉक्टरांनी विचारलं.

अक्काच्या धाकटीची बोलणी उदगीरला चालली होती. “न्हाई,” अक्का म्हणाली. मांडीवर फाइल घेऊन मीही मान हलवली.

मूत्रपिंड काढायचं ठरलं. दुसरं आधीच अधू होतं. म्हणून काढण्याआधी सुईने गाठीचा तुकडा घेऊन तपासला, तर रिपोर्ट आला: पेशी गळ्यातल्या थायरॉइडच्या दिसतात.

अक्का उसळली. “गळा कुठं, कंबर कुठं! दुसऱ्याचाच तुकडा तपासलाय मेल्यांनी.”

डॉक्टरांनाही ते पटलं. पुन्हा सुई, पुन्हा तोच रिपोर्ट. शेवटी ते म्हणाले, “ठुशी काढा, गळा बघू द्या.”

“कामून? मालक जिते हायेत माझे. सवाष्णीचा गळा मोकळा करतेत का?”

“मालक जितेच राहतील, बाई. प्रश्न तुमचा आहे.”

 अक्का माझ्याकडे वळली. “काढ की गं तुझा कागद. एवढा जपलास कामून मंग?”

डॉक्टरांनी आधी कागद वाचला, मग आम्हा दोघींचे चेहरे.

कमरेतली गाठ गळ्यातल्या जुन्याच कॅन्सरची पसरलेली निघाली, म्हणून मूत्रपिंड वाचलं. गळ्यातली उरलेली ग्रंथी काढून त्या पेशी मारणारं किरणोत्सारी आयोडीनचं औषध दिलं आणि अक्का पुढे बरीच वर्षं सगळ्यांवर ओरडत जगली. धाकटीचं लग्नही उदगीरलाच झालं. व्याह्यांना गळ्याचं आधीपासून ठाऊक होतं. स्वतःच्या घरचं कुणी विचारू नये म्हणून त्यांनी आमचं विचारलं नव्हतं, इतकंच.

तेव्हा रकान्यात लिहा: आजीच्या बहिणीला थायरॉइडचा कॅन्सर. कागदाची नक्कल सोबत पाठवते. मूळ कागद आता फाइलीत सर्वांत वर आहे.