दोन ठिकाणचं निळं

ऑफिसात कुणी नवे कपडे घालून आलं की ती आधी बाहीची कड धरायची, अंगठा आणि बोटामध्ये कापड चोळून बघायची आणि मगच "छान दिसतंय गं" म्हणायची. एकदा तिनं साहेबांचाही शर्ट असाच चोळला. साहेब बिचारे हात पुढे करून उभे राहिले.

कपडे परदेशी पाठवणारी आमची कंपनी अंधेरीला. मी नमुन्यांच्या विभागात, आणि ती माल कुठून, कसा, कधी येईल ते ठरवणारी. कापसापासून जहाजापर्यंतची सगळी साखळी तिच्या डोक्यात असायची. कुणी म्हणालं, सूत सोमवारी येतंय, की हिचा प्रश्न ठरलेला. "आणि नाही आलं तर?"

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेलच. माझ्या मुलीच्या साखरपुड्याची तयारी मी कौतुकानं सांगत होते, मुलाकडचे दहाला येतील म्हणाले, तर ही म्हणते, "आणि नाही आले तर?" शुभ बोल रे नाऱ्या! मी चार दिवस तिच्याशी धड बोलले नाही. त्या दिवशी मुलाकडचे वेळेवर आले, आचारी मात्र आलाच नाही. घाटकोपरच्या एका जेवणवाल्या बाईंना हिनं मला न विचारताच सांगून ठेवलं होतं, म्हणून अब्रू वाचली.

पुढे आमच्या परदेशी गिऱ्हाईकाला पाणी न नासवता रंगवलेलं कापड हवं झालं. साहेबांच्या मते सगळं काम एका मोठ्या गिरणीला देऊन मोकळं व्हावं. ही अडून बसली. एक बंद पडलं तर सगळंच बंद पडेल, आणि लहान माणसं जगायला नकोत का, असं तिचं म्हणणं. शेवटी निळं कापड तिनं दोघांत वाटलं. अर्धं जोगेश्वरीच्या कारखान्यात, अर्धं मुलुंडच्या दादांकडे.

दादा मूळचे मालवणकडचे. वडील गिरणीत रंगखात्यात होते, गिरणी बंद झाल्यावर त्यांनी मुलुंडला कापड रंगवायची लहानशी शेड टाकली होती. गिऱ्हाईकाची अट अशी की जिथं आपलं कापड रंगेल तिथं दुसरा जहाल रंग शिरता कामा नये. जोगेश्वरीवाल्याकडे वेगळी शेड होती, त्यानं बाकीची कामं तिकडे हलवली. दादांकडे एकच शेड. आमचं काम घ्यायचं तर बाकी सगळी गिऱ्हाइकं सोडावी लागणार होती.

ते ठरलं त्या दिवशी मीही तिच्याबरोबर मुलुंडला गेले होते. दादांनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाय, आणि तुमचा काम येऊक नाय तर?"

मला हसू आलं. तिचाच प्रश्न तिला कुणीतरी विचारत होतं. ती हसली नाही.

"येईल दादा. मी आहे ना."

"तू सांगतंस तर करतंय," दादा म्हणाले.

दोन वर्षं झकास गेली. पाणी गाळून पुन्हा वापरायला दादांनी टाक्या बांधल्या, शेवटच्या टाकीत मासे सोडले. कुणी आलं की आधी मासे दाखवायचे, मग कापड.

दोन ठिकाणच्या पाण्यात एकच निळं उतरवणं सोपं नसतं. ते ती तासन् तास जुळवायची. खिडकीच्या उजेडात बघायची, ट्यूबलाइटखाली बघायची, आणि गिऱ्हाईकाच्या दुकानांत जे पिवळे दिवे होते तसेच आणवून त्यांच्याखालीही बघायची. तिन्हीकडे रंग एक दिसला तरच माल सुटायचा.

आणि गिऱ्हाईकानं दुकानांतले दिवे बदलले. वीज वाचावी, पर्यावरण राखावं म्हणून. आम्हाला कळवलं नाही. नव्या दिव्यांखाली एकाच दांडीवरचे शर्ट दोन रंगांचे दिसायला लागले, जोगेश्वरीचं निळं आणि मुलुंडचं जांभळट. सगळा माल नाकारला गेला. मला आजही त्या दिव्यांचा राग येतो.

एक हंगाम द्या, नव्या दिव्यांखाली रंग जुळवून देते, म्हणून तिनं साहेबांच्या विनवण्या केल्या. साहेबांनी काम परराज्यातल्या मोठ्या गिरणीला देऊन टाकलं. जोगेश्वरीवाला दुसऱ्या कामांवर तरला. दादांची जुनी गिऱ्हाइकं दुसरीकडे रुळली होती, त्यांतलं एकही परतलं नाही. ती मात्र दादांसाठी कंपन्यांचे उंबरे झिजवत होती. कुणालाच महागडं निळं नको होतं.

शेड बंद झाली त्या दिवशी आम्ही दोघी गेलो. टाक्या कोरड्या पडल्या होत्या, मासे दादांनी शेजाऱ्यांना वाटले होते. ते तिला एका शब्दानंही बोलले नाहीत, आम्हाला चहा दिला. बोलले असते तर बरं झालं असतं. निघताना तेच तिची समजूत घालायला लागले. "तुझी चूक नाय गो. येतला कायतरी काम."

मी तिच्याकडे पाहिलं. तिचा नेहमीचा प्रश्न येईल असं मला वाटलं. ती खाली मान घालून चपला शोधत राहिली.

परत येताना एवढंच म्हणाली, "त्यांनी विचारलं होतं गं मला." पुढच्या महिन्यात तिनं नोकरी सोडली. फोन केला तर उचलते, बरी आहे म्हणते. मी म्हणते, येते एकदा भेटायला. ती म्हणते, "ये." बस, तेवढंच.

परवा त्या मोठ्या गिरणीचा माणूस बैठकीला आला होता. सगळा माल आमच्या एकट्याकडून येईल, वेळेवर येईल, काळजीच नको, म्हणाला. आम्ही सगळ्यांनी सवयीनं तिच्या खुर्चीकडे पाहिलं. खुर्चीवर कुणीतरी नमुन्यांची खोकी रचून ठेवली होती.